तर, तम आणि तारतम्य

मराठीत परीक्षण कशाचे होत नाही? कवितासंग्रहांचे होते, नाटकांचे होते, दिवाळी अंकांचे तर मुखपृष्ठापासून जाहिरातींपर्यंत होते. पण जे पुस्तक घरोघरी असते, ज्याच्या पानांत मोरपीस आणि एस.टी.चे तिकीट गुण्यागोविंदाने नांदते आणि जे वाचताना वाचक खरोखरीच रडतो, त्याच्या वाट्याला माझ्या पाहण्यात तरी एकही समीक्षक आलेला नाही. मी इंग्रजी व्याकरणाच्या सरावपुस्तिकेबद्दल बोलतो आहे. वाचकाला रडवील ते पुस्तक थोर, हा आपल्याकडचा निकष लावायचा तर हिला एव्हाना दोन-चार पुरस्कार मिळायला हवे होते.

जून उजाडला की नंदुरबारच्या बाजारात छत्र्या, रेनकोट आणि खाकी कव्हरे यांच्या शेजारी या पुस्तिकांचे ढीग लागतात. त्यातली एक आमच्या शेजारच्या सहावीतल्या मुलीबरोबर माझ्याकडे आली. पुस्तिकेचे नाव सांगत नाही. मुखपृष्ठावर तीन लेखकांची नावे आहेत आणि आतला मजकूर कोणाचा यावर त्यांच्यातच एकमत नसावे. मी परीक्षण करणार आहे ते फक्त विशेषणे आणि क्रियाविशेषणे या प्रकरणाचे. बाकीची प्रकरणे वाचायला दुसरा जन्म आणि दुसरा समीक्षक लागेल.

आधी कथानक. सुरुवात संथ आहे. राम उंच आहे. पुढच्या ओळीत श्याम येतो आणि तो रामपेक्षा उंच निघतो. आता संघर्षाला तोंड फुटणार म्हणून आपण सरसावून बसतो, तोच गोपाळ येतो आणि तिघांत सर्वांत उंच ठरतो. बस्स! पुढे काय झाले, रामने हाय खाल्ली काय, श्यामने टाचा उंचावल्या काय, याबद्दल लेखकत्रयी मौन. लगेच पुढचे वाक्य: शिसे हा सर्वांत जड धातू आहे. अहो, सोने शिशापेक्षा जड असते. भावाने नव्हे, वजनाने! एकाच मापाचे दोन तुकडे घेतले तर सोन्याचा तुकडा पावणेदोनपट भरेल. सराफाच्या दुकानात झाडू मारणारा पोरगाही हे सांगेल. पण व्याकरणाला त्याचे सोयरसुतक नाही. 'हेवी' ला 'एस्ट' लागले, 'वाय' चा 'आय' झाला, वाक्य पास! हा दुर्गुण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता नियम. लहान विशेषणांना 'अर' आणि 'एस्ट' लावावे, लांबलचक विशेषणांच्या आधी 'मोअर' आणि 'मोस्ट' ठेवावे. मला यात साहेबाची सगळी राज्यपद्धती दिसते. 'टॉल', 'शॉर्ट', 'फॅट' ही गरीब माणसे. त्यांना बढती मिळाली की मागे शेपूट चिकटते. 'ब्यूटिफुल', 'इंटरेस्टिंग' ही बडी मंडळी. ती शेपूट लावून घेत नाहीत. त्यांच्या पुढून 'मोअर' नावाचा पट्टेवाला चालतो. आणि 'गुड', 'बॅड' हे थेट राजघराण्यातले. त्यांना नियमच नाही. 'गुड' चे 'बेटर' कसे झाले, असे आमच्या वेळी वर्गात विचारले, तर सर फक्त पट्टीकडे पाहत.

अशा वेळी पोरे बिचारी शेपूट आणि पट्टेवाला दोन्ही लावतात आणि 'मोअर बेटर' लिहितात. त्यावर लाल फुली. पण हाच गुन्हा शेक्सपिअरने केला आहे. 'ज्यूलियस सीझर' मध्ये त्याने मार्क अँटनीच्या तोंडी एकाच विशेषणाला पुढून 'मोस्ट' आणि मागून 'एस्ट' लावले, आणि चारशे वर्षे लोक टाळ्या वाजवताहेत. आणि शेक्सपिअर कशाला, आपण तरी काय करतो? 'श्रेष्ठ' या शब्दातच 'सर्वांत' चा अर्थ भरलेला आहे. संस्कृतातला हा 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका कुळातल्या असाव्यात असे सांगितले, त्यानंतर पंडितांनी जी भाऊबंदकी शोधून काढली तिच्यात ही जोडी आहे. म्हणजे 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ', 'श्रेष्ठ' हे मुळातले 'एस्ट' वाले. तरी आपल्याला पुरत नाही म्हणून आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, सत्कारसमारंभात 'श्रेष्ठतम' म्हणतो. हा शुद्ध देशी 'मोस्ट बेस्ट' झाला. त्यावर कोणी लाल फुली मारत नाही, हार घालतात.

मराठीत मात्र तुलनेसाठी विशेषण जागचे हलत नाही. 'उंच' ते 'उंच' च राहते. ज्याच्याशी तुलना करायची त्याच्या गळ्यात आपण 'पेक्षा' अडकवतो. खेड्यातली आजीबाई 'त्यापरीस हे बरं' म्हणते. म्हणजे बघा, इंग्रज माणूस 'टॉलर' एवढेच म्हणून थांबू शकतो. आपल्याला तसे थांबवत नाही. आपल्याला आधी शेजारी लागतो. शेजाऱ्यापेक्षा, जावेपेक्षा, साडूपेक्षा! कुणाहून तरी अधिक असल्याशिवाय आपल्याला आपले सुखही मोजता येत नाही. हा व्याकरणाचा परिणाम की स्वभावाचा, ते भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावे.

पुढचा भाग जोडविशेषणांचा. येथे पुस्तिका थोडी रंगते. दोन शब्द, मध्ये आडवी रेघ, की झाले विशेषण: 'गुड-लुकिंग', 'हार्ड-वर्किंग', 'फाइव्ह-इयर-ओल्ड'. या रेघेत जीव असतो. 'मॅन-ईटिंग टायगर' म्हणजे नरभक्षक वाघ; रेघ गाळली की वाघाला ताटात वाढून घेऊन बसलेला माणूस. तुलना करतानाही गंमत आहे. 'वेल-नोन' चे 'बेटर-नोन' आणि 'बेस्ट-नोन' होते, 'हार्ड-वर्किंग' चे 'हार्डर-वर्किंग'. म्हणजे दोन बैलांच्या जोडीतल्या पुढच्यालाच पराणी टोचायची.

पण या कलेत मराठीपुढे इंग्रजीने फुशारकी मारू नये. लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, निळाशार! आडवी रेघ नाही, नियम नाही, आणि जोड अशी घट्ट की 'धमक' ला पिवळ्यावाचून दुसरे घर नाही. शिवाय प्रत्येक जोडाला स्वभाव आहे. डोळे काळेभोर असतात, अंधार काळाकुट्ट असतो. बायकोच्या डोळ्यांना एकदा काळेकुट्ट म्हणून पाहा, म्हणजे जोडविशेषणांचा सराव जन्मभरासाठी पुरा होईल. धोतर पांढरेशुभ्र, पण ऑपरेशनची तारीख ऐकल्यावर चेहरा पांढराफटक. पुस्तिकेत याच्या बदल्यात काय दिले आहे? 'स्नो-व्हाइट'. आता नंदुरबारात बर्फ भेटतो तो गोळ्याच्या गाडीवर, आणि तिथे तो कालाखट्टा असतो.

क्रियाविशेषणांच्या बाबतीत इंग्रजी आणखी काटकसरी. विशेषणाला 'ली' लावा आणि चालू पडा. मराठीत माणूस ढसाढसा रडतो, ओक्साबोक्शी रडतो, हमसून हमसून रडतो, आणि वेळ पडली तर मुळूमुळू रडतो. चारही रडण्यांची कारणे वेगळी, पात्रे वेगळी, समजूत काढायची तऱ्हा वेगळी. पुस्तिकेतली मुलगी 'लाउडली' रडते. बिचारीची समजूत कशी काढायची, काही कळत नाही. बरे, 'ली' लावले की भागले, असेही नाही. 'हार्ड' म्हणजे कसून. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. कोणा साहेबाने शिफारसपत्रात 'धिस मॅन वर्क्स हार्डली' असे लिहिले, तर ती चूक की अखेरचे सत्यकथन, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. आणि 'फ्रेंडली' च्या शेवटी 'ली' असून ते विशेषणच. म्हणजे जानवे आहे, पण मुंज झालेली नाही.

या सराव-वाङ्मयाची परंपरा मात्र थोर आहे. मराठीचे पाणिनी म्हणवले जाणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांनी भाषांतर पाठमाला रचली आणि पिढ्यान् पिढ्या तिच्यावर इंग्रजी शिकल्या. थोडा नियम, मग वाक्ये. इकडची तिकडे न्या, तिकडची इकडे आणा. एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध नसे, पण मराठी वाक्याला निदान शेजारी मान होता. नंतर आले रेन आणि मार्टिन. यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते, आणि व्याकरणाबाहेर त्यांचे नाव आहे ते फ्रेंच परकीय पलटणीच्या साहसकथांमुळे. त्यांची 'ब्यू जेस्ट' ही कादंबरी १९२४ साली आली. वाळवंट, किल्ला, बंदुका! त्यांच्या कादंबऱ्यांतले शिपाई पलटणीतून पळून जायचा विचार का करतात, हे मला त्यांचे व्याकरण वाचल्यावर उमगले.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे हा 'टॉल-टॉलर' चा मंत्र आता सातपुड्याच्या पाड्यापाड्यावर घुमतो. आमच्या जिल्ह्यातले पोर घरात भिली, पावरी, मावची, नाही तर अहिराणी बोलते. शाळेत मराठी शिकते. बाजारात गुजराती ऐकते. आणि नवापूर स्टेशनवर गेले तर अर्धे स्टेशन महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत, आणि गाडीची सूचना चार भाषांत. एवढ्या भाषा पचवणाऱ्या पोराला 'टॉम इज टॉलर दॅन जॉन' जड जावे, यात दोष पोराचा की टॉमचा?

आता मी ज्या पानासाठी हे परीक्षण लिहायला बसलो त्या पानाकडे येतो. लेखकत्रयीला अचानक वाटले असावे की, पुस्तिकेत थोडा स्थानिक रंग भरावा. म्हणून गाळलेल्या जागांच्या स्वाध्यायात एक वाक्य आले: नंदुरबार हा महाराष्ट्रातला रिकामी जागा जिल्हा आहे. कंसात शब्द: 'बॅकवर्ड'. उत्तर: 'द मोस्ट बॅकवर्ड'. पुढचा स्वाध्याय डिग्री बदलण्याचा. तेच वाक्य आधी 'कम्पॅरेटिव्ह' मध्ये लिहा: नंदुरबार महाराष्ट्रातल्या इतर कोणत्याही जिल्ह्यापेक्षा मागास आहे. मग 'पॉझिटिव्ह' मध्ये लिहा: महाराष्ट्रातला दुसरा कोणताही जिल्हा नंदुरबारइतका मागास नाही. या प्रकाराला 'पॉझिटिव्ह' का म्हणतात, ते मला त्या दिवशी अजिबात कळले नाही. पोलिसांकडे थर्ड डिग्री असते, ती निदान बंद दाराआड. इथे तीनही डिग्र्या भर वर्गात, प्रत्येकी एक मार्क!

शेजारच्या मुलीने पहिले वाक्य लिहिले. दुसरे लिहिले. तिसऱ्याला पेन थांबले.

'काका, हे एकदा लिहिलं ना. मग परत परत कशाला?'

'डिग्री बदलायची असते, बेटा.'

'पण बदललं तर काहीच नाही!'

इंग्रजी व्याकरणावर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

त्याच पानाच्या तळाशी 'स्वतःची वाक्ये तयार करा' असा स्वाध्याय होता. तिची आजी पूर्वी मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायची. थंडीत नंदुरबारच्या आसपास मिरची वाळत घालतात, तेव्हा मैदानेच्या मैदाने लालभडक होतात, पण ज्या हातांनी ती मिरची खुडली जाते ते हात रात्री पाण्यात धरले तरी जळत राहतात. मुलीने लिहिले: 'माय ग्रँडमदर वर्क्स हार्ड. शी हार्डली सिट्स. हर हँड्स वेअर हॉटर दॅन द चिलीज.' तीन वाक्ये! 'हार्ड' आणि 'हार्डली' चा सापळा, ज्यात मोठमोठे साहेब अडकतात, तो तिने दोन ओळींत ओलांडला. वर तुलना आली, आणि ती खोटी नाही. शाळेतून वही परत आली ती लाल फुली घेऊन. शेजारी शेरा: पुस्तकाप्रमाणे लिहावे. उत्तरसूचीत टॉम आणि जॉन होते ना! ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात 'स्वतःची वाक्ये' मध्ये टॉम जॉनपेक्षा उंच झाला. बरोबरची खूण मिळाली. मला मात्र त्या खुणेचे फार वाईट वाटले.

आता कोणी म्हणेल, 'मोस्ट बॅकवर्ड' खोटे आहे का? नाही, सबंध खोटे नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के, आणि नंदुरबारची सुमारे ६४, राज्यात सर्वांत कमी. ते झाकायचे कारण नाही. पण तो एका तक्त्यातला एक रकाना आहे. त्याच जनगणनेचा दुसरा रकाना उघडा. दर हजार पुरुषांमागे महाराष्ट्रात स्त्रिया ९२९. पुण्यात ९१५. आणि नंदुरबारात ९७८! आता करा डिग्री बदल: 'पुणे इज वर्स दॅन नंदुरबार.' व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे; पुण्यात ते खपणार नाही, एवढेच. शिशाची गोष्ट मी लक्षात ठेवायला सांगितली होती ती यासाठी. 'एस्ट' लावताना काय मोजले, हे विचारायचे असते. धातूच्या बाबतीत न विचारले तर सराफ हसतो. माणसांच्या बाबतीत न विचारले तर एक अख्खा वर्ग मान खाली घालून तीनदा लिहितो.

सरकारला याची कुणकुण लागली असावी. २०१८ साली नंदुरबारचे नाव देशातल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत आले. राज्यातले आणखी तिघे सोबतीला होते, गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव. 'मागास' गेले, 'आकांक्षित' आले. विशेषण बदलले की नाम सुधारते, अशी एक प्रशासकीय श्रद्धा आहे. धुळ्यापासून वेगळा होऊन १ जुलै १९९८ ला जन्मलेला हा जिल्हा. त्याने एवढ्यात दोन विशेषणे पाहिली. पण 'आकांक्षित' चा एक फायदा मान्य केला पाहिजे: त्याचे 'मोअर' आणि 'मोस्ट' करणे अवघड असल्यामुळे निदान पोरांचा एक स्वाध्याय वाचेल.

आणि उदाहरणेच हवी असतील, तर आमच्याकडे काय कमी आहे? सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे या म्हणावे लेखकत्रयीला! अबलख, कुमैत, नुकरा, पंचकल्याणी. एकेक विशेषण म्हणजे एकेक किंमत. दुडक्या चालीने चालणारा आणि चौखूर उधळणारा यांच्यातला फरक तिथे क्रियाविशेषणाचा नसतो, नोटांच्या पुडक्याचा असतो. तिथे उगाच 'सर्वांत उमदा' म्हणून पाहा, व्यापारी विचारील, 'कशात?' एवढा एक प्रश्न आमच्या वर्गात कोणी शिकवला तर! लवंगी मिरची ब्याडगीपेक्षा तिखट, पण रंगाला ब्याडगी सरस: झाला 'हॉटर' आणि 'रेडर' चा धडा, आणि एकीला वर चढवताना दुसरीला खाली पाडावे लागले नाही. तोरणमाळ हे महाबळेश्वरानंतरचे क्रमांक दोनचे थंड ठिकाण असे सांगतात: झाला जोडविशेषणाचा, 'सेकंड-कूलेस्ट' चा धडा. 'फर्स्ट' हवे असेल तर लोकसभेच्या मतदारसंघांत राज्यात क्रमांक एक नंदुरबार, विधानसभेत क्रमांक एक अक्कलकुवा. देशातले पहिले आधार कार्ड २०१० साली दिले गेले ते आमच्या टेंभलीत. यादी वरून वाचायची की खालून, एवढाच काय तो प्रश्न.

आपल्या भाषेत यासाठी एक नामी शब्द आहे. 'तर' म्हणजे दोहोंत अधिक, 'तम' म्हणजे सर्वांत अधिक. लघुतर, लघुतम मधले. जुन्या लोकांनी हे दोन प्रत्यय एकत्र केले आणि त्यातून शब्द घडवला: तारतम्य. म्हणजे 'अर' आणि 'एस्ट' कुठे लावायचे, किती लावायचे आणि मुख्य म्हणजे कुठे लावायचे नाहीत, याची अक्कल. इंग्रजांनी त्यांच्या 'अर' आणि 'एस्ट' ची मोट बांधून असा शब्द केलेला नाही. आमच्या पुस्तिकेने 'तर' चे चाळीस आणि 'तम' चे चाळीस प्रश्न दिले आहेत. तारतम्याचा एकही नाही. तो मुलीने स्वतः घातला, आणि त्याचे मार्क कापले गेले.

परीक्षणाचा समारोप आमच्यात ठरलेला असतो. पुस्तक अधिक चांगले होऊ शकले असते, असे लिहायचे. समीक्षकाला 'कम्पॅरेटिव्ह डिग्री' फार आवडते. तीत कशाहून अधिक, ते सांगावे लागत नाही. तेव्हा पुस्तिका अधिक चांगली होऊ शकली असती. छपाई सुबक, कागद बरा, किंमत माफक. पालकांनी अवश्य घ्यावी. शेवटची उत्तरसूचीची पाने तेवढी घरी नेण्यापूर्वी फाडून टाकावीत.